जोडीला एकच पिपेट

कॅन्टीनमध्ये चहा आला की आमचे सर तो लगेच प्यायचे नाहीत. आधी रिकाम्या कपात घोटभर चहा ओतायला लावायचे, तो कप हातात धरून गोल फिरवायचे, तो चहा बाजूच्या कडुनिंबाच्या बुंध्याशी फेकायचे, आणि मग कप पुढे करून म्हणायचे, "आता भर." कॅन्टीन चालवणारे नाना रोज अहिराणीत वैतागायचे. "सर, कप धुयेल शे ना!" सर शांतपणे सांगायचे, "धुयेल शे, म्हनीनच तं. पानी मझार राही गयं ना, नाना. तुमचा चहा पातळ होतो, आणि नाव तुमचंच खराब होतं."

हे आमचे विसळे सर. हे त्यांचं आडनाव नव्हे. धुळ्याच्या कॉलेजात ते अकरावी-बारावीच्या पोरांना केमिस्ट्री शिकवायचे आणि प्रॅक्टिकलला दर दोन मिनिटांनी "विसळा, विसळा" म्हणत फिरायचे, म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव. ते इतकं रुळलं होतं की एका पालकाने रजेच्या अर्जावर सरळ 'माननीय विसळे सर यांस' असं लिहून पाठवलं. सरांनी तो अर्ज मंजूर केला आणि खाली आपली नेहमीची सही केली. कुणाला दुरुस्त केलं नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी काही शिकवलं नाही. लॅबच्या दारात उभे राहून नुसते नियम सांगितले. केस बांधून यायचं, ओढणीला गाठ मारायची. काच फुटली तर ओरडणार नाही, लपवली तर ओरडेन. खोडरबर लॅबमध्ये आणायचाच नाही. रीडिंग चुकलं तर त्यावर एक आडवी रेघ, आणि ती अशी मारायची की खालचा आकडा वाचता आला पाहिजे. "चुकलेलं मला दिसू दे," ते म्हणाले, "चुकलेलं दिसलं नाही तर मी शिकवू काय?" आणि शेवटचा नियम त्यांनी दोनदा सांगितला. काम जोडीने करायचं. जोडीला एक बुरेट, एक पिपेट, म्हणजे द्रावण मोजायच्या काचेच्या नळ्या. दोघांनी एकाच बाटलीतलं द्रावण आळीपाळीने घेऊन तपासायचं. दोघांचं उत्तर जुळलं तर दोघांच्या जर्नलवर सही. नाही जुळलं तर कुणाच्याच नाही. आणि दिवाळीच्या सुट्टीआधी जर्नल पुरं नसेल तर टर्म गेली.

मी पहिल्या बाकावर बसून हे सगळं ऐकत होते आणि माझे तळहात घामाने ओले होत होते.

माझं तेव्हा असं होतं, की सगळ्याचीच भीती वाटायची. आमचं गाव पिंपळनेरच्याही पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. आठवीत माझी शाळा सुटली. वडील अंथरुणाला खिळले, माय मजुरीला जाऊ लागली, मग मीही तिच्यासोबत कांद्याच्या निंदणीला. चार वर्षं अशी गेल्यावर गावात येणाऱ्या नर्सबाईंनी मला सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावला आणि मी बाहेरून दहावी पास झाले. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करायचं असेल तर सायन्स घ्यावं लागेल, असं त्यांनीच सांगितलं. म्हणून मी धुळ्याला आले, मुलींच्या सरकारी वसतिगृहात. वर्गातल्या मुली माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान. त्या मला अक्का म्हणायच्या, थोडं मानाने, थोडं चिडवायला. निघताना माय म्हणाली होती, "नही जमनं तं परत ये. लाज कसानी?" ती धीर द्यायला म्हणाली, पण मला तेच घाबरवायचं. परत जाणं फार सोपं होतं. मामांनी एक स्थळ बघून ठेवलं होतं, 'दिवाळीत आली की बोलू' असा निरोपही होता. आणि वसतिगृहाचा नियम असा की टर्म पुरी झाल्याचा कॉलेजचा दाखला दाखवल्याशिवाय दिवाळीनंतर खोली मिळायची नाही. म्हणजे माझं सगळं त्या जर्नलवरच्या सहीला बांधलेलं होतं.

सरांची आणखी एक सवय होती. ते कुणालाही नावाने हाक मारायचे नाहीत, आडनावाने तर नाहीच. गावाने मारायचे. "पाचोरा, बर्नर बारीक कर." "शिरपूर, खिडकीतून बाहेर काय शे?" मी पिंपळनेर झाले. पोरांना यात गंमत वाटायची. मला पहिल्याच आठवड्यात कळलं की या लॅबमध्ये आपण बिनधास्त श्वास घेऊ शकतो. आडनाव उच्चारलं की समोरच्याच्या डोळ्यांत एक हिशेब होतो, तो मी लहानपणापासून पाहत आले होते. आम्ही बौद्ध. गावाच्या नावावरून तो हिशेब मांडता येत नाही.

माझी जोडीदार होती सोनगीर. म्हणजे सुनंदा. रोज महामार्गावरून एसटीने यायची, घरी मोठी शेती, दोन भाऊ, बोलायला मोकळी आणि हसायला त्याहून मोकळी. माझी चार वर्षांची दांडी पडलेली. इंग्रजी शब्द मला वाचता यायचे पण उच्चारता यायचे नाहीत. ती शेजारी बसून हळूच सांगायची, "अक्का, त्यात पी-एच आलं की फ म्हणायचं." वर्गात जागा धरून ठेवायची. तिच्याबद्दल मला कधीही वाईट लिहिता येणार नाही, आणि आता जे लिहिते तेही वाईट म्हणून लिहीत नाही.

त्या काळी पिपेट तोंडाने ओढायची. काचेची लांब नळी, मध्ये फुगीर. एक टोक द्रावणात, दुसरं ओठांत. हळू ओढत मापाच्या रेघेच्या वर आणायचं, चटकन बोट दाबायचं. पहिल्या प्रॅक्टिकलला मी माझं रीडिंग घेतलं आणि पिपेट सुनंदाच्या हातात दिली. ती पिपेट घेऊन नळाकडे गेली. वरून धुतली, आतून धुतली, उलटी करून धुतली, पुन्हा धुतली. माझ्याकडे न बघता परत आली आणि तशीच ओली पिपेट कॉस्टिक सोड्याच्या बाटलीत बुडवली. पुढचं रीडिंग माझं, मग तिचं. पुन्हा नळ. दर वेळी.

मला नवल वाटलं नव्हतं. गावात आम्हाला पाणी वरून ओतून मिळायचं, त्यापुढे हे म्हणजे काहीच नव्हतं. दुसऱ्या प्रॅक्टिकलला तीच हळूच म्हणाली, "अक्का, राग नको येऊ देऊ हं. आईने शपथ घातलीय. घरी कळलं तर ती मला कॉलेजलाच पाठवायची नाही." मी म्हटलं, "धू ना. माझं काय जातं?"

पण माझं जात होतं. आमची रीडिंगं जुळेनात. माझी तिन्ही सारखी यायची. नियम मोडायची हिंमत नसल्याने मी सर सांगतील तसं अक्षरशः करायचे, पिपेटमध्ये आधी थोडं कॉस्टिक घेऊन तीनदा विसळायचे आणि मगच भरायचे. सुनंदाची मात्र दर वेळी कमी, आणि दर वेळी वेगळीच. सर दोन्ही जर्नलं बघायचे आणि दोन्हीवर लिहायचे, 'पुन्हा करा.' पहिल्यांदा त्यांनी आमची बुरेट बदलली. पुढच्या वेळी द्रावणाची बाटली बदलली. मग सुनंदाचे डोळे तपासून यायला सांगितलं. तीही बिचारी चष्म्याच्या दुकानात जाऊन आली. बाकीच्या जोड्या चौथ्या-पाचव्या प्रयोगावर पोहोचल्या आणि आम्ही पहिल्यावरच.

कारण मला कळलं होतं. नळाचं पाणी पिपेटच्या आत राहतंय, हे मला तिसऱ्या वेळी दिसलं होतं. काचेला आतून थेंब चिकटलेले असायचे. पण हे सांगायचं म्हणजे ती इतकी का धुते हे सांगायचं. सगळ्या बॅचसमोर ते माझ्या तोंडून निघणार नव्हतं. वसतिगृहात पडल्या पडल्या मी मनात म्हणायचे, उद्या सरांना सांगू, जोडीदार बदला. आणि उद्या आला की वाटायचं, बदलून देतील ती तरी कुठे वेगळी असेल?

दिवाळी जवळ आली तशी सुनंदाही घाबरली. एका प्रॅक्टिकलला ती वर्तमानपत्रात गुंडाळलेली नवी कोरी पिपेट घेऊन आली. सर आमच्या टेबलाशी थांबले.

"सोनगीर, हे काय?"

"पिपेट, सर. भाऊने आणली दुकानातून."

"का? आपल्याकडे पिपेटी नाहीत?"

"आहेत सर. पण..." तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मी बुरेटकडे बघत राहिले. शेजारच्या टेबलावरच्या मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. त्यांना माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं, फक्त सर सोडून.

सरांनी आम्हा दोघींकडे पाळीपाळीने पाहिलं. मग ती नवी पिपेट पुन्हा कागदात गुंडाळून तिच्या हातात ठेवली. "ही घरी ने. माझ्या लॅबमध्ये बाहेरची काच चालत नाही. तिच्यावरची रेघ कुणी मारली, मला माहीत नाही. आहे ती पिपेट घे आणि मला धुऊन दाखव."

सुनंदाने धुतली. नेहमीसारखी, वरून, आतून, उलटी करून. सर हाताची घडी घालून बघत होते. धुळ्यात तेव्हा नळाला तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी यायचं आणि लॅबच्या टाकीतल्या पाण्यावर सरांचा फार जीव, तरी ते बोलले नाहीत. धुऊन झाल्यावर त्यांनी ती पिपेट घेऊन खिडकीच्या उजेडात आडवी धरली.

"आत काय दिसतं?"

"काही नाही, सर."

"नीट बघ."

"थेंब."

"हं. पाणी. तू जेवढी जास्त धुतेस तेवढं पाणी आत राहतं, तेवढं तुझं कॉस्टिक पातळ होतं, तेवढं रीडिंग खाली जातं. आणि मी येडा तुना डोया तपासी राहिंतू!" पोरी हसल्या. सर माझ्याकडे वळले. "पिंपळनेर, पिपेट शेवटी कशाने विसळायची?"

"जे भरायचंय त्यानेच, सर. तीनदा. थोडं थोडं."

"तुला माहीत आहे. इतके दिवस शेजारी उभी आहेस. मग हिला सांगितलं का नाहीस?"

माझी नजर नळाकडे गेली. सरांनी नळाकडे पाहिलं, सुनंदाकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. मग एकदम खालच्या आवाजात म्हणाले, "बरं. राहू दे." त्या 'राहू दे'मध्ये त्यांना सगळं समजलेलं होतं.

मला वाटलं, आता हे भाषण देणार. माणसं सगळी सारखी, वगैरे. मला ते नको होतं. ते झालं असतं तर मी त्याच दिवशी पेटी भरली असती. सरांनी भाषण दिलं नाही. सुनंदाकडे वळून ते म्हणाले, "पोरी, कॉस्टिक चरबी खातं, केस खातं, कातडी खातं. त्यानं तीनदा विसळेल काच शे हाई. तुनी मायना देवघरमा बी इतकं सोवळं काही सापडनार नही." आणि मग पुन्हा नेहमीच्या आवाजात, "शनिवारी दोघी या. सोमवारपासून सुट्टी आहे, म्हणजे हा शेवटचा. जुळलं तर राहिलेल्या सगळ्या प्रयोगांचं बघू. नाही जुळलं तर दोघींची टर्म गेली."

शनिवारी लॅबमध्ये आम्ही दोघीच. सर व्हरांड्यात स्टुलावर वर्तमानपत्र उघडून बसले, आमच्याकडे पाठ करून. मी माझी रीडिंगं घेतली आणि पिपेट सुनंदाकडे दिली. ती नळाकडे गेली नाही. बाटलीतलं कॉस्टिक थोडं घेऊन विसळलं, पुन्हा विसळलं, पुन्हा विसळलं. मग पिपेट ओठांपाशी नेली आणि तशीच थांबली.

"अक्का, माझ्या मनात काही नाही गं," ती म्हणाली. "सवय आहे नुसती."

"माहीत आहे मला. टोक खाली ठेव, द्रावणातून बाहेर येऊ देऊ नकोस."

तिने डोळे मिटले आणि जोरात ओढलं. डोळे मिटल्यावर हात वर आला, टोक द्रावणाच्या बाहेर निघालं, हवा शिरली आणि पिपेटमधलं सगळं कॉस्टिक सरळ तिच्या तोंडात! ती किंचाळली. मी तिला मानेला धरून मोरीपाशी ओढत नेलं. नळ इतका खाली की तोंड लावता येईना. मी दोन्ही हातांची ओंजळ करून पाणी धरलं, म्हटलं, "घे, चूळ भर, गिळू नकोस." तिने माझ्या ओंजळीला तोंड लावलं. चूळ भरली, टाकली, पुन्हा लावलं. किती वेळा कोण जाणे. थांबली तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"अक्का," ती जीभ बाहेर काढून म्हणाली, "साबणाची वडी चाटल्यासारखं लागतंय गं." आणि हसायला लागली. मग मीही.

"काय व्हयनं व पोरींहो?" बाहेरून सर.

"काही नाही, सर!" दोघी एकदम.

सर तरीही आत आले. तिची जीभ पाहिली, ओठ पाहिले, आणखी चुळा भरायला लावल्या. "टोक बाहेर आलं असेल. चालायचंच. भर पुन्हा." आणि ते परत स्टुलावर जाऊन बसले.

या खेपेला तिने डोळे उघडे ठेवले. तिची तिन्ही रीडिंगं माझ्या रीडिंगांना जुळली. राहिलेले प्रयोग आम्ही त्याच दिवशी एकामागून एक करत गेलो, पिपेट या हातातून त्या हातात. उन्हं कलली तेव्हा सरांनी दोन्ही जर्नलं शेजारी शेजारी ठेवून सह्या केल्या. दिवाळीनंतर माझी खोली मला मिळाली. मामांना मी सांगितलं, बारावी झाल्यावर बोलू.

बारावीपर्यंत सुनंदाच माझी जोडीदार होती. तिने मला घरी कधी बोलावलं नाही, मी कधी विचारलं नाही. तिच्या लग्नाची पत्रिका आली, मी गेले नाही. गेले असते तर पंगतीत कुठे बसले असते, हा प्रश्न दोघींनाही नको होता. पण लॅबमध्ये तिने पुन्हा कधी पिपेट नळाखाली धरली नाही, आणि तिची मुलगी झाली तेव्हा सगळ्यात आधी मला कळवलं. माणूस एकाच ठिकाणी बदलतो, दुसरीकडे तसाच राहतो. मी त्यावर राग धरून बसले नाही. मला जे मिळालं ते मी घेतलं.

मी पुढे लॅबचा कोर्स केला आणि दक्षिण गुजरातेतल्या एका हॉस्पिटलात लागले. आता तिथेच आहे. घरापासून इतकी लांब, की अहिराणी कानावर पडायला दिवाळीची वाट बघावी लागते. अजूनही रिपोर्टवर सही करताना माझे तळहात ओले होतात. चुकलेल्या आकड्यावर मी अजून एकच आडवी रेघ मारते. नव्या मुली विचारतात, ताई, व्हाइटनर का नाही लावत? मी सांगते, आमच्या सरांना चालायचं नाही.

सरांना शेवटचं भेटले ते जळगावला. निवृत्तीनंतर ते मुलाकडे राहायला गेले होते. नजर अधू झाली होती. मी नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, त्यांना काही आठवेना. मग म्हटलं, "सर, मी पिंपळनेर." त्यांचा चेहरा उजळला. "सोनगीरची जोडीदार! ये, ये, बस."

चहा झाला, सरांच्या पत्नी, बाई, चिवडा घेऊन आल्या, इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग मला राहवेना. इतकी वर्षं मनात होतं ते विचारलं. "सर, त्या शनिवारी आमचं जुळलं नसतं, तर तुम्ही खरंच सही केली नसती?"

"नसती केली," ते लगेच म्हणाले.

ते पुढे म्हणाले, "पण सोमवारी पुन्हा बोलावलं असतं."

"सोमवारपासून सुट्टी होती, सर."

"मग? किल्ली माझ्याकडेच असायची. तू पिंपळनेरहून यायचं, तिने सोनगीरहून. जुळेपर्यंत."

"आणि टर्म?"

"टर्मचे कागद ऑफिसात दिवाळीनंतरच जायचे व माय. ते तुम्हा पोरींना आधी सांगितलं असतं तर एक तरी जर्नल वेळेवर आलं असतं का?"

त्या शनिवारी आपण थोडक्यात वाचलो, अशी माझी वर्षानुवर्षं समजूत होती. कधी कधी झोपेतही तीच भीती दाटायची. आणि हे म्हणत होते की त्या दिवशी कडेलोट होणारच नव्हता. मला आधी त्यांचा राग आला, आणि मग डोळे भरून आले. बाई आतून म्हणाल्या, "अहो, काय बोललात त्या पोरीला?" सर म्हणाले, "काही नही. जुना नियम सांगी राहिंतू तिले."

निघताना ते फाटकापर्यंत आले. "शेवटची गाडी कितीला आहे पिंपळनेरची?"

"पिंपळनेरला नाही सर. मला गुजरातेत जायचंय."

"हो का. लांब आहे."

"लांब आहे, सर."

"मग निघ. उशीर करू नको."

त्यानंतर दोन पावसाळे गेले असतील. हॉस्पिटलच्या फोनवर मला बोलावणं आलं. पलीकडे सुनंदा होती. "अक्का," ती म्हणाली, "सर गेले गं." मी "कधी?" असंही विचारलं नाही. रिपोर्टसाठी रांगेत उभी असलेली माणसं माझ्याकडे बघत होती. बराच वेळ आम्ही दोघी तशाच होतो. फोन मात्र कुणीच ठेवला नाही.